चोडणच्या फेरीपासून चोर्ला घाटापर्यंत: एका हायब्रिडच्या दिव्यांच्या नोंदी

रविवार, ६ जुलै २०२५

भावोजींची हायब्रिड सेडान काल रात्रीपासून डिचोलीला माझ्या अंगणात आहे. डॅशबोर्डवर एकदम पाच दिवे: उद्गारचिन्हाचा लाल त्रिकोण, पिवळं इंजिन, एबीएस, घसरणारी गाडी आणि पिवळा ब्रेक. ताई म्हणाली, "गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधल्यासारखं दिसतंय रे."

घडलं ते असं. शनिवारी सकाळी भावोजी साखळीहून पणजीला निघाले, मयेमार्गे चोडणला. फेरीला रांग. पाऊस धो धो. पाऊण तास गाडी रांगेत, काच पुसायला वायपर चालू, हेडलाइट चालू, रेडिओ चालू, आणि पेट्रोल वाचावं म्हणून गाडी 'रेडी'मध्ये, म्हणजे चालायला तयार, न ठेवता नुसती अ‍ॅक्सेसरीवर. फेरी रायबंदरला टेकली, सगळ्यांनी गाड्या सुरू केल्या, आणि यांची उठेना. मागच्या पिकअपवाल्याने हॉर्न धरून ठेवला. शेवटी सहा जणांनी ढकलत गाडी धक्क्यावर चढवली. एका टॅक्सीवाल्याने बॉनेटखालच्या टर्मिनलवरून जंप दिला तेव्हा ती 'रेडी' झाली, पण दिवे घेऊनच.

एका वर्कशॉपने गाडी न बघताच फोनवर निदान केलं: हायब्रिड बॅटरी संपली, नवी घाला, तीन लाखांच्या वर जाईल. न बघता तीन लाख म्हणजे सरळ सरळ जुगार. म्हणून हा उद्योग माझ्याकडे आला. मी वेर्ण्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे, म्हणजे वेळ फक्त रविवारचा. नोंदी ठेवतोय, कारण पुढच्या रविवारपर्यंत मला निम्मं आठवणार नाही.

आजचं पहिलं काम, छोटी बारा व्होल्टची बॅटरी. ती डिकीत आहे. मल्टिमीटर लावला: ११.४. गाडी बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या वर दाखवते. ११.४ म्हणजे रिकामी.

भावोजींना हे पटेना. "एवढी मोठी बॅटरी मागे असताना या चिमुरडीनं काय होतं?" सांगितलं: हायब्रिडमध्ये इंजिन फिरवायचं काम मोठ्या बॅटरीचं, हे खरं. पण गाडीतले सगळे कॉम्प्युटर जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीचे रिले ओढून तिला गाडीशी जोडायचं, हे काम या चिमुरडीचं. हिला दम नसेल तर मोठी नुसती कुलपाआड बसून राहते. या गाडीत अल्टर्नेटर नाहीच, छोटीला चार्ज करतो तो मोठीचं व्होल्टेज उतरवून देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर, आणि तोही गाडी 'रेडी' असेल तरच. अ‍ॅक्सेसरीवर रेडिओ ऐकत बसणं म्हणजे नुसता खर्च, जमा शून्य. व्होल्टेज पडलं की एकेक कॉम्प्युटर अडखळतो, शेजारचा म्हणतो 'हा बोलत नाही', आणि प्रत्येकजण आपापला दिवा लावतो. पाच दिवे म्हणजे पाच बिघाड असं नसतं.

आता माझी चूक. छोटीला बाहेर काढून चार्जरवर लावायच्या घाईत मी कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडांचे क्रमांक, न वाचताच टर्मिनल सोडलं. पुन्हा जोडलं तर बरेच कोड पुसलेले, आणि कोड पडला त्या क्षणाची नोंदही गेलेली. गुन्ह्याच्या जागी झाडू मारून मग पोलीस बोलावले म्हणा. आधी स्कॅनर, मग पाना. वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं.

रविवार, १३ जुलै

छोटी चार्ज करूनही रात्रभरात ११.९ वर आली. गेली ती. नवी एजीएमच, म्हणजे सीलबंद, घेतली. बॅटरी डिकीत, म्हणजे माणसांच्याच हवेत असते, म्हणून साधी पाण्याची तिथे चालत नाही. सगळे दिवे गेले. 'रेडी'त १४.१ व्होल्ट, म्हणजे कन्व्हर्टर ठणठणीत.

बंद गाडीत बॅटरीतून किती करंट झिरपतो, ती गळतीही मोजली. अ‍ॅमीटर सिरीजमध्ये लावून गाडी झोपेपर्यंत थांबलो: ३८ मिलिअँपियर. ठीक आहे. मात्र भावोजींच्या घरी चावी गाडीच्या पत्र्यापासून हातभर अंतरावर, गॅरेजच्या खिळ्याला टांगलेली असते. चावी इतकी जवळ असली की गाडी आणि चावी एकमेकींशी कुजबुजत राहतात आणि दोघींच्या बॅटऱ्या झिजतात. खिळा बदलायला सांगितला.

गाडी परत पाठवली. आपण लई हुशार, असं त्या संध्याकाळी वाटलं होतं.

रविवार, २० जुलै

वाटणं सहा दिवस टिकलं. काल भावोजी बेळगावला निघाले होते. केरीच्या पुढे चोर्ला घाट चढताना मागच्या सीटजवळचा पंखा घों घों करायला लागला, आणि अर्ध्या चढावर लाल त्रिकोण. यावेळी नुसता त्रिकोण आणि पिवळं इंजिन. एबीएसचा दिवा अधूनमधून. तिथूनच मागे फिरले, शहाणपण केलं.

ताईला दिव्यांचे रंग समजावून दिले, कारण गाडी तीही चालवते. लाल म्हणजे आत्ता, सुरक्षित जागा बघून थांब: ऑइलचा चंबू, तापमान, लाल ब्रेक. पिवळं म्हणजे घरी जा पण दाखवायला विसरू नको. अपवाद एकच, पिवळं इंजिन लुकलुकत असेल तर दामटायचं नाही, तेव्हा इंजिन फायर चुकवत असतं आणि न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला भाजून काढतं. हिरवं-निळं नुसती माहिती. लाल त्रिकोण स्वतः काहीच सांगत नाही, तो फक्त म्हणतो की पडद्यावर वाच. ती म्हणाली, "म्हणजे सासूबाईंसारखं, आधी नुसता घसा खाकरायचा." माई शेजारीच होत्या. हसल्या, पण पुढच्या चहात साखर कमी होती.

या खेपेला स्कॅनर आधी. साध्या स्वस्त ब्लूटूथ डोंगलवर इंजिनचे कोड दिसतात, हायब्रिडचा कॉम्प्युटर बहुतेक वेळा मौन पाळतो. त्याच्याशी बोलणारं अ‍ॅप लागतं. ते घातल्यावर निघाला पी०ए८०. या कोडचं छापील नाव 'हायब्रिड बॅटरी पॅक बदला' असंच आहे. फोनवरच्या वर्कशॉपवाल्याच्या डोक्यात हेच नाव असणार. पण कोडचं नाव म्हणजे निदान नव्हे. कॉम्प्युटर एवढंच बघतो की पॅकमधल्या भागांच्या व्होल्टेजमध्ये फरक फार पडला. का पडला, हे त्याला दिसत नाही.

पॅक निकेल-मेटल हायड्राइडचा. ७.२ व्होल्टचे ३४ मॉड्यूल, दोन-दोनची जोडी धरून १७ ब्लॉक, एकूण २४४.८ व्होल्ट. भावोजींना चालवायला बसवलं, मी मांडीवर फोन घेऊन शेजारी. डिचोली-अस्नोडा रस्त्यावर जोरात पळवणं, मग ब्रेक, पुन्हा पळवणं. आकडे, व्होल्टमध्ये:

उभी असताना बाकीचे ब्लॉक १५.८, नववा १५.१, दहावा १६.५.
जोर लावताना बाकीचे १४.५, नववा १३.६, दहावा १५.४.
ब्रेकने चार्ज होताना बाकीचे १६.९, नववा १६.१, दहावा १७.७.

घरी येऊन हे आकडे वहीत उतरवले तेव्हा हात थांबला. नवव्यात जेवढं कमी, दहाव्यात बरोब्बर तेवढंच जास्त. दोघांची बेरीज तिन्ही वेळा शेजाऱ्यांच्या दुपटीइतकी: ३१.६, २९, ३३.८. नववा ब्लॉक खरंच खंगला असता तर तो एकटा खाली गेला असता, दहाव्याला वर चढायचं कारण नव्हतं. दोन भावांमधली शेताची मेर सरकली की एकाचं शेत घटतं आणि दुसऱ्याचं तेवढंच वाढतं, जमीन तितकीच राहते. इथली मेर म्हणजे नऊ आणि दहाच्या मधून व्होल्टेज मोजायला गेलेली बारीक तार. बॅटरी ठीक असावी, मोजणी खोटी असावी.

बसबारचा, म्हणजे मॉड्यूल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचा, नट सैल असता तर चित्र वेगळं दिसलं असतं: करंट ओढताना तो ब्लॉक खाली, चार्ज होताना वर, आणि उभ्या गाडीत अगदी सरळ. इथे नववा तिन्ही वेळा खालीच आहे.

रात्री झोप नीट लागली नाही. पॅक उघडावा लागणार.

रविवार, २७ जुलै

आज घाई नाही असं ठरवूनच सुरुवात केली. हे काम करून बघण्याच्या हौसेचं नाही. २४४ व्होल्टचा डीसी माणसाला दुसरी संधी देत नाही. माझं रोजचं कामच हाय व्होल्टेजचं आहे म्हणून हात घातला, आणि तरीही एकटा नाही, मला शॉक लागलाच तर बाजूला ढकलायला भावोजी समोर लाकडी काठी घेऊन उभे. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ताईकडे.

गाडी बंद, चावी घरात लांब. छोटीचं निगेटिव्ह सोडलं. मग क्लास झिरोचे रबरी हातमोजे, वरून चामड्याचे. रबरी मोजा घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत हवा भरून फुगवून बघायचा. टाचणीएवढं भोक असेल तर फुस्स होतो. मग नारिंगी सर्व्हिस प्लग उपटला आणि तो खिशात ठेवला, दुसऱ्या कुणी लावू नये म्हणून. दहा मिनिटं थांबलो, कारण इन्व्हर्टरचे कपॅसिटर तेवढा वेळ भरलेले असतात. मीटर लावला: शून्य. पण हे शून्य नारिंगी केबलवरचं. प्लग काढल्यावर पॅकची साखळी फक्त मधोमध तुटते. आतले मॉड्यूल जिवंतच असतात. मोजे शेवटपर्यंत हातातच.

मागची सीट निघाली. पंख्याची नळी निघाली, आणि आधी पंखाच बघून कपाळाला हात लावला. पात्यांवर टायगरच्या केसांचं मूठभर बोळकं, वर धुळीचा थर. कुत्रा मागच्या सीटवर बसून फिरतो आणि बॅटरीला थंड करणारी हवा त्याच सीटजवळच्या जाळीतून खेचली जाते. घाटातली घों घों हीच.

झाकण उघडलं तेव्हा दिसलं. झाकणावर जाळीच्या खालच्या बाजूने एक पांढरा ओघळ वाळलेला, बोटाला खरखरीत. त्याच रेषेत खाली, नऊ-दहाच्या मधल्या नटावर, हिरवा कळंक. पितळेच्या भांड्यात ताक विसरलं की येतो तोच. बसबार तांब्याचे, वर निकेलचा मुलामा. मुलामा उडाला तिथे हिरवं चढलेलं. मोजणीच्या तारेची थिंबल, म्हणजे टोकाची कडी, चिमटीत धरली तर क्रिंपमधून, म्हणजे तार दाबून बसवलेल्या जागेतून, हिरवी पूड सांडली आणि तार मोकळी होऊन हातात आली. शेवटचे दोन-तीन धागे कसेबसे चिकटून होते, त्यांच्यावर तीन लाखांचा निकाल लागणार होता.

पांढरं म्हणजे मीठ. मिठाचा उलगडा ताईनेच केला. मे महिन्यात पोरं दर आठवड्याला मिरामारला जायची, आणि येताना समुद्राचे ओले टॉवेल मागच्या जाळीवर वाळत घालायची. मीठ मेमध्ये गेलं, जूनच्या दमट हवेने ते भिजवत ठेवलं. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तिथे मिठाच्या संगतीला ठेवलेलं तांबं किती टिकणार?

बसबार सोडून सगळे मॉड्यूल मोकळे मोजले. ७.८६ ते ७.९१. मग हेडलाइटचा ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब एकेका मॉड्यूलला दोन-दोन मिनिटं लावून बघितलं, करंट साडेतीन अँपियरच्या आसपास. ३४ मॉड्यूल, दीड तासाच्या वर गेला, मान आखडली. सगळे ७.५ च्या जवळपास थांबले, सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट यांत ०.०८ चा फरक. एकही मॉड्यूल मेलेला नाही.

बसबार घासायला ताई सोलांचं पाणी घेऊन आली. देवाची भांडी त्यानेच लखलखतात, हे खरं. पण आंबटाचा अंश राहिला तर कळंक पुन्हा धरतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाच मिनिटं, मग आंबट मारायला सोड्याच्या पाण्यात, मग दोनदा साध्या पाण्यात, मग हेअर ड्रायर. सँडपेपर नाही, उरलेला मुलामाही जाईल. तीन बसबार फारच खाल्लेले, ते नवे मागवले. तार अर्धा इंच मागे कापली, तिथे तांबं लाल दिसलं, नवी थिंबल, नीट क्रिंप, वर हीटश्रिंक.

रविवार, ३ ऑगस्ट

जोडणी. नट हाताच्या अंदाजाने आवळायचे नाहीत, टॉर्क पाना ५.४ न्यूटन मीटरवर. जास्त आवळला तर टर्मिनल मॉड्यूलमधून फिरतं आणि चांगला मॉड्यूल मातीत जातो. मित्राचा ५०० व्होल्टचा मेगर आणून पॅकचं आवरण आणि टर्मिनल यांच्यामधलं इन्सुलेशनही तपासलं, मिठाचा ओघळ बघितल्यावर ते सोडवेना. चांगलं आहे.

सर्व्हिस प्लग लावला, छोटी जोडली, बटण दाबलं. 'रेडी' नाही. त्रिकोण. कोड पी०ए०डी, इंटरलॉक उघडा. वीस मिनिटं कनेक्टर हलवत बसलो. मग आठवलं: प्लगची मूठ आत ढकलून वर उचलायची आणि मग पुन्हा खाली सरकवायची. ती शेवटची सरक मी केलीच नव्हती. प्लग बसलेला दिसतो, पण कुलूप लागलेलं नसतं, आणि गाडीला ते कळतं. सरकवली. टक्. 'रेडी'.

भावोजींनी नारळ आणला होता, तो फोडू दिला नाही. घाट चढून येऊ दे आधी.

रविवार, १० ऑगस्ट

एबीएसचा अधूनमधूनचा दिवा वेगळंच प्रकरण निघाला. कोड डाव्या मागच्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा. चाक काढलं, तार कुरतडलेली. गणपतीच्या वाहनाने भावोजींच्या वाहनाला हात घातला. तार बदलली, अर्ध्या तासात काम संपलं. इन्व्हर्टरचं कूलंट इंजिनपेक्षा वेगळ्या बाटलीत असतं, तेही बघितलं, 'रेडी'त पाणी खळबळताना दिसतं, म्हणजे पंप फिरतोय.

रविवार, १७ ऑगस्ट

चोर्ला घाट, चौघं, डिकीत सामान, एसी चालू. टायगर घरी. पावसाची रिपरिप, वळणावळणावर धबधबे आणि त्यांच्यापुढे फोटो काढणारे उभे. मी डोकं खाली घालून आकडे बघत होतो, ताई म्हणाली जन्म फुकट गेला तुझा.

ज्या वळणावर त्रिकोण आला होता तिथून पूर्ण जोर लावून नेली. सगळ्या ब्लॉकमध्ये मिळून जास्तीत जास्त फरक ०.३. नऊ आणि दहा इतरांसारखेच. पंख्याचा आवाज नाही.

उतरताना मात्र भावोजी दचकले. अर्धा घाट उतरल्यावर पाय ब्रेकवर असताना इंजिन मोठ्याने ओरडायला लागलं. बिघाड नाही हा. उतारावर बॅटरी भरत जाते, आणि हा कॉम्प्युटर तिला साधारण ८० टक्क्यांच्या वर भरू देत नाही, ४० च्या खाली रिकामीही होऊ देत नाही. त्यामुळेच निकेलची बॅटरी इतकी वर्षं टिकते. जागा संपली की उरलेली शक्ती जिरवायला तो इंजिन विनापेट्रोल गरगरा फिरवतो. भावोजींनी विचारलं, मग यासाठी दिवा का नाही? रास्त प्रश्न आहे.

केरीला थांबून नारळ फोडला.

खर्च: छोटी बॅटरी, तीन बसबार, सेन्सरची तार, थिंबल, व्हिनेगर. सगळं मिळून पंधरा हजारांच्या आत. माझी मजुरी म्हणून ताईने खतखतं जेवायला घातलं.

मंगळवार, २६ ऑगस्ट

उद्या चतुर्थी. मुद्दाम रजा काढली, माटोळीच्या बाजाराला सगळे डिचोलीत आलो होतो. चिखल, गर्दी, घागऱ्या, कवंडळं, आंबाडे, सुपारीचे घड. परत येईपर्यंत भावोजींनी गाडी भरली होती. मागच्या जाळीशेजारी ताईने चिकटपट्टीवर मार्करने लिहून ठेवलंय, "इथे ओलं ठेवू नये." त्या पट्टीवरच पातोळ्यांसाठी घेतलेल्या हळदीच्या पानांची जुडी, टपटपणारी.

जुडी उचलून पायाशी ठेवली, जाळी पुसली, फोन जोडला. ब्लॉक नऊ १५.७. ब्लॉक दहा १५.७.